देवाखालचं फडकं

मंगळवार, ४ मार्च

मॅडम,

धाकट्या बहिणीला पत्र लिहिताना सुरुवातीला आशीर्वाद लिहायचा असतो. त्यासाठी वर एक ओळ सोडली आहे. ती कोरीच राहील. घरातल्या नावाने तुला हाक मारायची सध्या इच्छा नाही, म्हणून तुझी प्रयोगशाळा तुला जे म्हणते तेच मीही म्हणते.

काल तुला अकरा वेळा फोन लावला. अकराव्यांदा तुझी टपाल बघणारी बाई बोलली. "मॅडम मीटिंगमध्ये आहेत. आपण कोण?" मी म्हटलं, "मॅडमना लहानपणी न्हाऊ घालणारी." हे पत्रही तीच उघडणार, हे मला ठाऊक आहे. बाई, खुशाल वाचा. चहा घेता घेता वाचा. लपवण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

काल हे साडेअकराला घरी आले. एकवीस वर्षांत हे कधी साडेअकराला घरी आले नाहीत, अंगात ताप असतानासुद्धा नाही. हातात न उघडलेला डबा, चष्म्याची पेटी आणि एक कागद. चौकशी पूर्ण होईपर्यंत कामावर येऊ नये. खाली तुझी सही, झोकदार. ती सही गिरवायला तुला मी शिकवलं होतं, चुलीसमोर बसून, कोळशाने.

कागदात लिहिलंय, की निळ्या गळ्याच्या पक्ष्यांच्या पिसांचे गेल्या पावणेदोन वर्षांतले सगळे आकडे चुकीचे निघाले, कारण तंत्रज्ञाने दिवा पुरेसा तापू न देता मोजमाप केलं. निष्काळजीपणा.

दिवा तापू दिला नाही? यांनी? अगं, दिवा लावला की वीस मिनिटं कशाला हात लावायचा नाही, दिवा तापल्याशिवाय खरं बोलत नाही, हे वाक्य मी या घरात इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन. पडद्याचं कापड घ्यायला गेलो तर हा माणूस ठाण दुकानाबाहेर उन्हात नेऊन बघतो. दुकानदार ओरडतो, "साहेब, पळून चाललात की काय?" हे म्हणतात, "तुमच्या ट्यूबखाली हिरवं दिसतंय ते खरंच हिरवं आहे का, ते विचारून येतो." आणि या माणसाला तू निष्काळजी म्हणतेस.

मी मॅट्रिक. पण एकवीस वर्षं जेवताना ऐकून ऐकून तुझं शास्त्र माझ्याही ताटात पडलंय. पक्ष्यांना आपल्याला न दिसणारा उजेड दिसतो, जांभळ्याच्या पलीकडचा. अतिनील. त्या उजेडात ते एकमेकांचे गळे बघतात आणि जोडीदार ठरवतात. तो रंग माणसाच्या डोळ्याने मोजता येत नाही, म्हणून यंत्र. पीस पांढऱ्या फडक्यावर ठेवायचं. यंत्राने आधी फडक्यावरून परतलेला उजेड मोजायचा, मग पिसावरून परतलेला, आणि पिसाचा आकडा फडक्याच्या आकड्याने भागायचा. घरचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला हे कळायला डॉक्टरकी लागत नाही. भाजक चुकला की भागाकार चुकला.

खऱ्या पांढऱ्याची लादी तुझ्या कपाटात असते. महागाची, हाताळली की बिघडते, म्हणून रोजच्या कामाला फडकी. ठीक. पण दर महिन्याला फडकं त्या लादीशी ताडून बघायचं, हा नियम कोणी केला? तू. कपाटाची किल्ली कोणाच्या गळ्यात? तुझ्या. हे दर महिन्याला किल्ली मागायला तुझ्या दारात उभे राहायचे आणि तू म्हणायचीस, "भावोजी, पुढच्या महिन्यात बघू." पुढचा महिना कधी आलाच नाही. पण ताडणीच्या वहीत तुझ्या सह्या मात्र दर महिन्याच्या आहेत, असं ऐकते.

खाई त्याला खवखवे.

२८ मार्चला समिती बसणार. त्यात तुझं निवेदन खरं धरलं, तर यांची नोकरी जाईल. नोकरीचं एक वेळ सोड. कालपासून हे नोकरीबद्दल अवाक्षर बोललेले नाहीत. फक्त त्या एका शब्दावर बोट ठेवतात आणि म्हणतात, "हे असं लिहायला नको होतं गं."

तुझ्या तंत्रज्ञाची बायको


मंगळवार, ११ मार्च

मॅडम,

तुझं उत्तर मिळालं. दोन ओळी, तेही छापलेल्या. "ताई, भावना बाजूला ठेव. पुरावा असेल तर पाठव, नाहीतर हा पत्रव्यवहार थांबव." देवापुढे बसून दोनदा वाचलं. देवाला तरी काय वाटलं असेल.

भावना बाजूला ठेवल्या. आता हे वाच.

तुझ्या निवेदनाची प्रत यांना मिळाली, ती मी वाचली. कलम सहा: "संदर्भासाठीची फडकी प्रयोगशाळेच्या नियमाप्रमाणे स्वच्छ केली जात." नियमाप्रमाणे. माझी मोरी कधीपासून तुझी प्रयोगशाळा झाली? ती निळी बादली, जिचा कान तुटलाय, ती तुझ्या यंत्रांच्या यादीत कितव्या नंबरावर आहे?

फडकी माझ्याकडे यायची ती तुझ्याच सांगण्यावरून. माझ्या स्वयंपाकघरात, त्या डगमगत्या स्टुलावर बसून तू म्हणाली होतीस, "भावोजी, बाहेर धुवायला देऊ नका, धोबी नीळ घालतो. ताईच्या हातात द्या. साधी साबणाची वडी, भरपूर पाणी, सावलीत वाळवणं." पुढे हेही म्हणालीस, "ताईइतकं नेमाने कोणी करणार नाही." त्या एका वाक्यावर मी शनिवारमागून शनिवार, चोवीसांपैकी आलटूनपालटून बारा बारा फडकी धुतली. कोणी मोबदला देऊ केला नाही, मी मागितला नाही. बहिणीचं काम होतं.

आता तुला लाज वाटते. एवढ्या मोठ्या संशोधनाचा पांढरा रंग कोणाच्या तरी मोरीत धुतला जात होता, हे कागदावर यायला नको. म्हणून दिव्याचं निमित्त. चोर सोडून संन्याशाला फाशी.

मी यांना म्हटलं, "फडकी घरी धुतली जातात, एवढं तरी समितीला सांगा."

"नको. ती अडचणीत येईल."

"ती तुम्हाला लटकवतेय."

"तिचं काम मोठं आहे," हे म्हणाले आणि पुन्हा चष्मा पुसायला लागले. दिवसभर चष्मा पुसतात. एवढा पुसलेला चष्मा मी जन्मात पाहिला नाही. तरी खिडकीबाहेर बघून विचारतात, "आज ढगाळ आहे का गं?"

आणि एक. ते बाहेरगावचे पाहुणे आले होते, आठवतंय? त्यांना प्रयोगशाळा दाखवताना तू एक फडकं उचलून उजेडात धरलंस. मी यांचा विसरलेला डबा घेऊन दारातच उभी होते. तू हसत म्हणालीस, "ताई, याला पिवळट झाक आलीय गं. साबणाला हात आखडता घेतेस की काय?" सगळे हसले. त्या पाहुण्याला आपली भाषा येत नव्हती, तोही हसला. हे हसले नाहीत. मी डबा टेबलावर ठेवला आणि जिना उतरले.

मी काटकसरी आहे, मान्य. पण तुझ्या फडक्यांना मी कधी साबण कमी लावला नाही. पांढऱ्या सुती कापडाला धुऊन धुऊन जरा मळकट झाक येतेच. तेवढं तुला माहीत असायला हवं होतं, डॉक्टर झालीस ना रंगांची.

त्यानंतर काय झालं, ते इथे लिहायचं कारण नाही.

तीच


सोमवार, १७ मार्च

मॅडम,

हे पत्र लिहून होईल. पोस्टात पडेल की नाही, ते सांगता येत नाही. तुझ्या हाती पडलंच, तर समज की मला कोणीतरी मागून ढकललं. कोणी, ते तुला माहीत आहे. तू त्याला मानत नाहीस, तो भाग वेगळा.

शुक्रवारी बँकेत गेले होते. डब्यात साठवलेल्या नोटा खात्यात भरायला, रुमालात बांधून. तिथल्या कॅशियर बाईंकडे खोट्या नोटा ओळखायची पेटी असते, आत जांभळा दिवा. बाई घाईत होत्या. त्यांनी रुमालासकट गठ्ठा त्या दिव्याखाली ओढला आणि माझा रुमाल पेटला. म्हणजे जळला नाही. निळापांढरा भगभगला, भर दुपारी.

"बाई, रुमाल आहे की ट्यूबलाइट?" कॅशियर म्हणाल्या.

रांगेत मागे एक म्हातारे होते. ते म्हणाले, "नोटा खऱ्या आहेत ना? मग रुमाल खोटा असेल. जप्त करा."

सगळे हसले. मीही हसले. मग मी विचारलं, "असं कशानं होतं हो?"

"ती कपडे झगझगीत करणारी पावडर असते ना, तिनं. माझी पांढरी ओढणीसुद्धा अशीच चमकते. साध्या साबणाच्या कपड्याला होत नाही. बघा." असं म्हणून त्यांनी माझी जुनी सुती पिशवी दिव्याखाली धरली. तीसुद्धा पांढरीच, पण ती तशीच राहिली. मुकाट, अंधारात बसल्यासारखी.

मी नोटा भरल्या, पावती घेतली आणि घरी न जाता बँकेच्या पायरीवर बसले. कितीतरी वेळ. रखवालदाराने येऊन विचारलं, "मावशी, बरं वाटत नाही का?"

तो जांभळा दिवा कसला, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. एकवीस वर्षांचं ताटातलं ऐकणं. तोच तो पलीकडचा उजेड. ती पावडर तो न दिसणारा उजेड गिळते आणि दिसणाऱ्या निळ्या उजेडाच्या रूपात परत ओकते. म्हणून कापड आपल्या डोळ्यांना जास्त पांढरं दिसतं. आणि यंत्राला? यंत्राला पलीकडच्या उजेडात ते फडकं काळं दिसणार. भाजक लहान झाला. भागाकार फुगला. पिसं होती तशीच राहिली आणि आकडे म्हणाले, गळे उजळले.

आता लिहिते.

तू पाहुण्यांसमोर पिवळट म्हणालीस, त्याच्या तिसऱ्या दिवशी मी ती पावडर आणली. तुला दाखवायचं होतं. शनिवारी फडकी त्यात भिजवली. वाळली तेव्हा अशी झळकत होती की बघत राहावं. यांनी घडी उघडून पाहिली आणि म्हणाले, "वा. हाताला यश आहे तुझ्या." ज्या माणसाने जन्मभर सगळ्यांना सांगितलं की रंगाच्या बाबतीत डोळ्यावर विश्वास ठेवू नका, त्याने त्या एका दिवशी डोळ्यावर ठेवला. बायकोचं काम होतं ना.

तूही एकदा म्हणाली होतीस, "ताई, आता कशी पांढरीशुभ्र झाली." त्या दिवशी मी घरी येऊन गाणं म्हणत भांडी घासली. लिहायला लाज वाटते, पण म्हटलं.

तेव्हापासून प्रत्येक शनिवारी पावडर. साधी वडी लावायची, हे मला पाठ होतं. विसरले नव्हते. मुद्दाम केलं. एवढ्याशा पावडरीने काय होतंय, असं मनाशी म्हणून केलं.

पहिल्या पत्रात मी खवखवीचं लिहिलं. ते परत घेत नाही. पण आता तो वाटा दोन घशांत करावा लागेल.

तीन दिवस झाले. रोज देवापुढे बसते. खोटं बोलत नाही, पण गप्प बसते, आणि माझ्या असं लक्षात आलंय की देवापुढे गप्प बसणं फार अवघड असतं. यांना अजून सांगितलेलं नाही. सकाळी चहा देताना तोंड उघडलं. हे म्हणाले, "साखर कमी आहे का विचारतेस? ठीक आहे." मी तोंड मिटलं.

हे वाचून तुला बरं वाटेल. वाटू दे. तुझं निवेदन तरीही खोटंच आहे. महिन्यातून एकदा तू ते कपाट उघडलं असतंस, तर पहिल्याच महिन्यात लादीने माझी चोरी पकडली असती. मी एक शनिवार चुकले आणि चुकतच गेले. तू तर वीस महिने न बघता सह्या केल्यास.


शुक्रवार, २१ मार्च

मॅडम,

या पुडक्यात सोमवारचं पत्रही घातलं आहे. आधी ते वाच. मग कापडाच्या घडीला हात लाव. हात धुऊन.

बुधवारी सकाळी यांना सांगितलं. हे खिडकीशी होते.

"मी तुमची फडकी पावडरीने धुवत होते."

"कुठल्या पावडरीने?"

"झगझगीत करणाऱ्या."

चष्मा पुसायचे थांबले. मला वाटलं, आता हा माणूस पहिल्यांदा माझ्यावर ओरडेल. ओरडावं, असं वाटत होतं.

"कधीपासून?" हे म्हणाले.

"रागवा ना माझ्यावर."

"अगं, रागवायचं नंतर बघू. तारीख सांग."

मी हिशेबाची वही काढली. दोन वर्षांपूर्वीचा बारा जून. पावडर, एक पुडा. यांनी ती ओळ दोनदा वाचली. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं, तुला कसं सांगू. लहान मूल हरवलेलं सापडावं तसं.

"त्यानंतर प्रत्येक शनिवारी?"

"प्रत्येक."

"मधे एखादा साध्या साबणाचा?"

"माझा शनिवार कधी चुकतो का?"

"नाही चुकत," हे म्हणाले. "देवाची कृपा." आणि देवाचं नाव यांच्या तोंडून मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं. "अधूनमधून धुतली असतीस तर सगळं मातीत गेलं असतं. सारखीच चूक असली तर ती काढून टाकता येते."

मग हे उठले, कागद घेतला आणि मला शाळेतल्या पोरीसारखं समोर बसवून समजावलं. बारा जूनआधीचे आकडे जसेच्या तसे खरे. त्यानंतरचे सगळे एकाच मापाने चुकलेले. ते माप कळलं, की पावणेदोन वर्षांचं काम वाचेल. पण त्यासाठी त्याच ताग्यातलं एक असं फडकं हवं, ज्याला पावडर कधी लागलीच नाही. आणि ते कुठून आणणार? कुठल्याही चकाकीशिवाय कापड विणणारी, हा तागा जिथून आला ती गिरणी बंद पडली. चोवीसच्या चोवीस फडकी माझ्या बादलीतून गेलेली.

"संपलं," हे म्हणाले आणि पेन्सिल खाली ठेवली.

आता तुझ्याशी बोललेलं एक खोटं.

तो तागा पहिल्यांदा आला, तेव्हा फडकी कापून, दुमडून, शिवून मीच दिली होती. सगळी मोजून घेताना तू विचारलंस, "ताई, काही उरलं का?" मी म्हटलं, "चिंधीसुद्धा नाही." उरलं होतं. हातभर. इतकं सुंदर कापड, एकही गाठ नाही. ते मी देवाच्या फळीवर अंथरलं. चार वर्षं देव तुझ्या प्रयोगशाळेच्या कापडावर बसलेत. चोरीच्या.

देवाखालच्या कापडाला साबण लावायचा नाही, ही आईची शिस्त. तुला आठवत असेल, नसेलही, तू तेव्हा पुस्तकात डोकं घालून असायचीस. नुसतं पाणी. सावलीत वाळवायचं. चार वर्षं महिन्यातून एकदा, नुसत्या पाण्याने.

मी उठले आणि देवाच्या फळीपाशी जाऊन उभी राहिले. हे बघत होते. यांना कळलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"ते?" हे म्हणाले.

"तेच."

यांनी पेन्सिल पुन्हा उचलली. मग म्हणाले, "देवांना उचलायला किती वेळ लागेल तुला?"

"वीस मिनिटं," मी म्हटलं. "त्यांचीही समजूत घालावी लागेल."

या प्रकरणात आम्ही हसलो ते तेवढंच.

ते कापड घडीत आहे. डाव्या कोपऱ्याला तेलाचा डाग आहे, समईचा. तिथे मोजू नकोस, मधल्या भागात मोज. त्याबरोबर पावडरीने धुतलेलं एक फडकंही ठेवलंय, यांच्या पिशवीत राहून गेलेलं. दोन्ही आधी लादीवर ताडून बघ. हो, लादीवर. कपाट उघडून. देवाखालच्या कापडाचा आकडा तागा आला त्या पहिल्या दिवशी नव्या फडक्याच्या तू संगणकात भरलेल्या आकड्याशी जुळला, तर माझं म्हणणं खरं. तू पुरावा मागितला होतास. हा घे.

समितीला द्यायचं निवेदन मी लिहिलं आहे, तेही सोबत आहे. फडकी माझ्या घरी, माझ्या हातांनी, सांगितल्याविरुद्ध पावडरीने धुतली गेली. कापडाचा तुकडा मी परत न देता ठेवून घेतला. माझ्या नवऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. दिवा प्रत्येक वेळी वीस मिनिटं तापवला गेला. खाली माझी सही. मला शब्द सजवता येत नाहीत, पण खोटा एकही नाही.

सहीच्या खाली चार ओळी कोऱ्या सोडल्या आहेत. त्या तुझ्या. फडकी माझ्याकडे कोणी पाठवली, आणि लादीचं कपाट किती महिने उघडलं नाही, एवढं चार ओळींत मावतं. मी मावतंय का ते करून बघितलं.

यांची एक छोटी वही आहे, खिशातली. किल्ली कोणत्या तारखेला मागितली आणि तू काय म्हणालीस, हे दर महिन्याचं त्यात आहे. यांनी ती कोणाला दाखवायला लिहिली नाही. यांना सगळंच लिहून ठेवायची सवय आहे. मी ती वही समितीला देणार म्हटलं, तर हे म्हणाले, "नको. बहीण आहे तुझी."

"म्हणूनच," मी म्हटलं.

२७ तारखेच्या संध्याकाळपर्यंत त्या चार ओळी भरून माझ्याकडे आल्या, तर वही यांच्या खिशातच राहील. नाहीतर २८ला ती घेऊन मी स्वतः समितीसमोर बसेन. तुझ्या पाहुण्यांनाही बोलाव. या वेळी मी डबा ठेवून निघून जाणार नाही.

कापडाचं काम झालं की ते परत पाठव. सरकारजमा करायचं असेल तर तसं लेखी कळव. तोवर देव नुसत्या लाकडावर बसलेत आणि माझ्याकडे बघतात. धुवायची वेळ आलीच तर फक्त पाण्याने. साबण लावू नकोस. एवढं तुला सांगायची पाळी माझ्यावर यावी, यासारखा विनोद नाही.

तीच


सोमवार, ७ एप्रिल

कापड मिळालं. धुतलेलं होतं. मी वास घेऊन बघितला. नुसतं पाणी.

चार ओळी २७च्या दुपारी आल्या, तुझ्या अक्षरात. अडीचच होत्या. तिसरी ओळ अर्ध्यावर थांबली आहे, "आणि मी भावोजींना" एवढ्यावर. पुढे तू काय लिहिणार होतीस, ते मी यांना विचारलं. हे म्हणाले, "पुरे तेवढं." मला पुरे वाटत नाही. पण वही खिशातून निघाली नाही, कारण मी शब्द दिला होता आणि अडीच ओळींत खरं तेवढं आलं होतं.

समितीत काय झालं, ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. देवाखालच्या कापडाचा आकडा पहिल्या दिवसाच्या आकड्याशी केसाइतक्या फरकाने जुळला म्हणे. गळे उजळल्याचा तू जगाला सांगितलेला शोध आता तुला मागे घ्यावा लागणार, हेही कळलं. पक्ष्यांचे गळे होते तसेच आहेत. मला त्याचं दुःख आहे, खरंच. तुझ्यासाठी नाही. मला ते खरं वाटलं होतं, एवढ्यासाठी. काहीतरी उजळतंय, असं वाटलं होतं.

समितीने माझंही नाव कागदावर घेतलंय. संदर्भ-फडक्यांची अनधिकृत धुलाई. अनधिकृत. यांनी तो शब्द मोठ्याने वाचला आणि म्हणाले, "माझ्या शब्दापेक्षा बरा आहे." यांचा तो ‘निष्काळजीपणा’ खोडलाय. शाईने, वर अध्यक्षांची सही. मी बोट फिरवून पाहिलं.

आज हे कामावर गेले. साडेआठला. डबा घेऊन. लादीच्या कपाटाची किल्ली आता यांच्याकडे असते, असं कळलं. घरी आले की काढून देवाच्या फळीवर ठेवायची, असा मी नियम केला आहे. हसले, पण ठेवतील.

पुढच्या रविवारी घरी येऊ का, असं तू यांना विचारलंस. मला नाही विचारलंस, यांना विचारलंस. म्हणून उत्तर मी देते. येऊ नकोस. एवढ्यात नको. वर बघ, आशीर्वादाची ओळ अजून कोरीच आहे.

यांचा दिवा तापायला वीस मिनिटं लागतात. माझा थंड व्हायला किती लागतील, ते मी अजून मोजलेलं नाही.

तुझी ताई,
सध्या सहीपुरती